खायचा वाफा, विकायचा वाफा

थोआच्या मळ्यात शेवंतीभाजीचे, म्हणजे शेवंतीच्या जातीच्या पालेभाजीचे, दोन वाफे होते, आणि ते दोन का, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तळ्याकाठचा लांबलचक वाफा विकायचा. घरामागचा, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला आखूड वाफा खायचा. विकायच्या वाफ्यातली भाजी नटूनथटून निघालेल्या करवलीसारखी दिसायची: टवटवीत, कातरलेली पानं, कुठे डाग नाही की डुग नाही. खायच्या वाफ्यातल्या भाजीला मात्र कांजिण्या उठल्यासारख्या वाटायच्या. पानोपानी नागअळीच्या पांढऱ्या रेघोट्या, कडांना भोकं, देठांना काळा मावा. कारण सरळ होतं. तळ्याकाठच्या वाफ्यावर थोआचा नवरा ख्वात पाठीवर पंप अडकवून औषध मारायचा. घरामागे मारायचा नाही.

एकट्या थोआचंच असं होतं म्हणाल तर नाही. नदीवरच्या पुलापलीकडे हनोई शहर, अलीकडे हे गाव, आणि गावात घरटी दोन वाफे. त्यावर कुणी बोलायचं नाही. शेजारीण पाव्हण्यांसाठी जुडी मागायला आली की हळूच विचारायचं, "घरातली देऊ ना?" तिनं मान हलवायची, की लगेच थंडीच्या गप्पा सुरू.

रोज उजाडता-उजाडता पंचायतीचा भोंगा खाकरायचा. आधी "अलो, अलो", मग घशातला बेडका काढायचा आवाज, आणि मग सरकारी सूर: "गावातील समस्त भाजीउत्पादक बंधूंनो आणि भगिनींनो, फवारणी केल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत भाजी तोडू नये... तोडू नये." दुसरं "तोडू नये" तळ्यावर आपटून परत यायचं. नेमक्या त्याच वेळी समस्त बंधू आणि भगिनी वाकून काल फवारलेली भाजी तोडत असायचे, कारण व्यापारीण यायची वेळ झालेली असायची. ही बाई स्कूटरवरून खालीसुद्धा उतरायची नाही. बसल्याजागी जुडी उचलून नाकाशी धरायची आणि नाकातच बोलायची. "हे काऽय ताई? अळ्यांनी जेवून उरवलेलं मला विकताय? आमचं गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं हो, तोंडानं नंतर." थोआला मात्र तिनं असं कधी ऐकवलं नव्हतं. थोआची जुडी ती नुसती हातात घ्यायची आणि "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर थोआचा अख्खा दिवस चांगला जायचा.

थोआला डागाचं एवढं वावडं का, याला एक गोष्ट कारणीभूत होती. थोआ लग्न होऊन या घरात आली तेव्हा माहेरानं तिच्याबरोबर लव्हाळ्याची एक चटई धाडली होती, आणि ती एका कडेला उसवलेली होती. सासूबाईंनी, म्हणजे हीमबाईंनी, साऱ्या पाहुण्यांदेखत ती चटई उलगडून कड बोटांत धरली आणि म्हणाल्या, "चटई आधी वापरून बघितली वाटतं माहेरच्यांनी." सगळे हसले. थोआची आई सगळ्यांच्या मागे उभी होती. तीही हसली, कारण दुसरं करणार काय. त्या दिवसापासून थोआच्या हातून घराबाहेर जाणाऱ्या वस्तूला डाग म्हणून दिसला नाही. जुडीसुद्धा ती अशी बांधायची की केळीच्या सोपटाची गाठ मागे जावी.

तिची लेक दिएप हनोईत एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथंच तिची तुंगशी ओळख झाली. तुंग जुन्या पेठेतला, तीन पिढ्यांच्या घरचा. त्याची आई लोआनबाई पूर्वी शाळेत गाणं शिकवायच्या, आणि त्यांचं बोलणं म्हणजे इस्त्री करून घडी घातलेलं. एकेक शब्द कपाटातून काढल्यासारखा काढायच्या, समोर ठेवायच्या, दुसरा काढायच्या आधी जरा थांबायच्या. बोलणी करायला पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा हीमबाईंनी त्यांचं म्हणणं निम्मं ऐकलं, कारण त्यांना ऐकू कमी येतं, आणि थोआनं निम्मंच समजून घेतलं, कारण ती त्यांच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यांकडे बघत राहिली होती. घरातल्या मातीच्या जमिनीवर ते मोजे तिला दिव्यासारखे लख्ख दिसत होते.

त्या दिवशी मधे शेगडी ठेवून रस्सा उकळत होता आणि जो तो हातातल्या काड्यांनी शेवंतीची पानं त्यात बुडवून खात होता. लोआनबाई म्हणाल्या, "थोआताई, शहरात आम्ही भाजीला भिऊन असतो. काय मारलेलं असतं, कोण जाणे. आमच्या ह्यांचं तर पोटाचं ऑपरेशन झालंय. आता विहीणबाईंचाच मळा म्हटल्यावर... भीती कसली उरली?" आणि हसल्या. हसूही इस्त्रीचं, पण खरं.

थोआला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता. ती पटकन म्हणून गेली की दर शनिवारी दिएपबरोबर जुडी पाठवीन. विडा-सुपारीची लाल तबकं आली, लग्न तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाआधी ठरलं, आणि पहिला शनिवार उजाडला.

थोआ आधी घरामागच्या वाफ्यातच गेली, हे खरंच. बसून तिनं निवडून-निवडून पानं खुडली. मग जुडी उजेडात धरली. भोकाभोकांतून पलीकडचं अंगण दिसत होतं. एका पानावर नागअळीनं अशी वळणं काढली होती की कुणीतरी मुद्दाम खडूनं काही लिहून ठेवलं असावं. तिला लोआनबाईंच्या स्वयंपाकघरातलं बेसिन दिसू लागलं, ते तिनं पाहिलेलं नव्हतं पण नक्की पांढरंच असणार. त्यात ही पानं पडलीत. माव्याचा एक ठिपका वाहत नळाखाली चाललाय. पांढरे मोजे तिथंच थांबलेत. आणि सावकाश, घडी न मोडता एक वाक्य येतंय. ते वाक्य काय असेल ते थोआला सुचेना, पण त्यातला सूर तिला चांगला ऐकू आला.

ती जुडी तिनं कोंबड्यांपुढे टाकली आणि तळ्याकाठी गेली. तिथं ख्वातनं आदल्या दिवशी पंप मारला होता. पानं ओली दिसत होती, पण दवानंच असतील असं तिनं स्वतःला सांगितलं. धुवायचंही तिच्या मनात आलं. पण धुतली की भाजी दुपारपर्यंत मान टाकते, आणि दिएप पोचायला वेळ लागणार. एक आठवडा, तिनं ठरवलं, फक्त पहिल्या वेळेला. पहिली वेळ नेहमी लक्षात राहते माणसांच्या.

दिएपनं पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवताना विचारलं, "घरचीच ना, आई?"

"मग काय, बाजारातून आणली?" थोआ म्हणाली.

उत्तर काही खोटं नव्हतं. तिला ते नंतर पुष्कळ वेळा आठवलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त खोटं वाटलं.

रविवारी लोआनबाईंचा फोन आला. "थोआताई, काय भाजी होती. जणू चित्रातली." थोआनं फोन कानाला गच्च दाबून धरला आणि ख्वातला ऐकू जावं म्हणून "चित्रातली?" असं मोठ्यानं विचारलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तळ्याकाठीच जावं लागलं, कारण आता चित्रातली भाजी पाठवणारी बाई अशी तिची ख्याती झाली होती. मग त्याच्या पुढच्या शनिवारीही.

हा सगळा आनंद एका फोनमध्ये संपला. लोआनबाई सहज सांगत होत्या की यजमानांना डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय. "मी काय करते, वाडग्यात ही पानं कच्चीच ठेवते आणि वर उकळती पेज ओतते. झाकण घालायचं. इतका छान वास सुटतो. आणि धुवायचा त्रास नाही हो, नुसतं एकदा पाण्यातून काढते. तुमच्या हातची म्हटल्यावर धुवायचं काय त्यात?"

थोआनं काय उत्तर दिलं ते तिलाच कळलं नाही. बहुधा "हो हो" म्हणाली. फोन ठेवून ती चुलीपुढे बसून राहिली. समोर भात करपत होता, आणि पलीकडून हीमबाई ओरडून विचारत होत्या की काय जळतंय.

त्या आठवड्यात तिनं मन घट्ट केलं आणि खायच्या वाफ्यातली जुडी पाठवली. त्यातल्या त्यात कमी भोकांची. रविवारचा फोन आला खरा, पण त्या फोनमधे नेहमीपेक्षा जास्त थांबणं होतं. लोआनबाईंनी आधी थंडीची चौकशी केली. मग हीमबाईंच्या गुडघ्यांची. मग म्हणाल्या, "ताई, तुमची सगळ्यांची तब्येत... बरी आहे ना? नाही, भाजी जरा... म्हटलं, तुमच्यावर कामाचा फार ताण पडला असेल. आमच्यासाठी धावपळ नका करू." कसलाच आरोप नव्हता. नुसती काळजी होती. पण थोआला कानात लव्हाळ्याची कड फाटल्यासारखा आवाज आला, आणि पुढच्या शनिवारी ती पुन्हा तळ्याकाठी होती. फक्त जाताना आता इकडेतिकडे बघत होती, जसं काही दुसऱ्याच्या मळ्यात शिरतेय.

मग सासऱ्यांच्या पुण्यतिथीचा दिवस आला. लग्न तोंडावर, म्हणून व्याही-विहीण आणि तुंग यांना मुद्दाम बोलावलं होतं. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लागल्या, चटया अंथरल्या गेल्या, एकेका परातीभोवती सहा-सहा माणसं बसली. उकडलेली कोंबडी, चिकट भात, तळलेले रोल, बांबूच्या कोंबांचा रस्सा. शेवंतीच्या भाजीचं सूप थोआनं मनात धरलं नव्हतं. पण हीमबाईंनी पहाटे स्वतःच घरामागून टोपलीभर पाला तोडून आणला होता, कारण म्हाताऱ्याला ते आवडायचं. सासूला नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. थोआनं भोकाची पानं वाडग्याच्या तळाशी दाबली आणि वर खिम्याचे गोळे रचले.

गोळे काय, खाल्ले की संपतात.

लोआनबाईंनी काड्यांनी एक पान उचललं. रेघोट्या होत्या त्यावर, भोकं होती. त्या बघत राहिल्या. त्यांना काही म्हणायचं होतं असं नाही, नुसत्या बघत होत्या. पण हीमबाईंनी ते पाहिलं. आणि हीमबाईंना स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यानं त्यांचं साधं बोलणंसुद्धा भोंग्यासारखं असतं.

"खा गं पोरी, खा बिनधास्त. दिसायला तशीच असते ती. ही आपली खायची हो. ती तळ्याकाठची छान छान दिसते ना, ती आपण तोंडात नाही घालत. ती शहरासाठी."

शेजारच्या परातीवर कुणाची तरी काडी वाडग्याला लागली. ख्वात खोकला आणि घाईघाईनं तुंगच्या वाडग्यात कोंबडीचं तंगडं टाकलं. थोआ सूप वाढत होती. डाव हवेतच राहिला.

लोआनबाईंनी पान परत वाडग्यात ठेवलं. काड्या सारख्या केल्या. मग त्या म्हणाल्या, "थोआताई, आमच्याकडे दर शनिवारी येते ती... कुठली?"

ख्वातनं वाक्य पुरतं संपूही दिलं नाही. "हीच की, विहीणबाई. घरची. दुसरी कशाला पाठवू आम्ही? आई आपली म्हातारपणी काहीतरी बोलते." आणि मोठ्यानं हसला. व्याही लगेच म्हणाले, "अहो सोडा, जेवा. सूप निवतंय." तुंग हसला. वाट मोकळी होती. सगळ्यांनी मिळून ती मोकळी करून ठेवली होती. थोआनं फक्त मान हलवायची होती.

पण दिएप बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं, पिशवी हँडलला अडकवताना असायचं तसं. आणि लोआनबाई भोकाच्या पानाकडे बघत होत्या. त्यांच्या घरी येणाऱ्या भाजीला एरवी भोकं नसायची, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत?

"तळ्याकाठची," थोआ म्हणाली. "एकदा सोडून सगळ्या वेळेला. हिला भोकं असतात. तुम्हाला पाठवायची मला लाज वाटली."

हे ती इतक्या हळू बोलली की हीमबाईंपर्यंत पोचलंच नाही. "काय?" त्या म्हणाल्या. सगळे परातीत बघू लागले. "काय म्हणाली गं ही? मोठ्यानं बोला जरा. जेवायला बसलोय की मयताला?"

त्या काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या, हे थोआला पक्कं माहीत होतं. मग तिलाच वाकून, सासूच्या कानाशी, सगळं पुन्हा सांगावं लागलं. हीमबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. म्हणजे चारही परातींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "विहीणबाईंना तळ्याकाठची पाठवली मी, आई. फवारलेली. भोकांची लाज वाटली म्हणून."

हीमबाईंनी घास चावून संपवला. "मग आज कशाला ही घातलीस?" त्या म्हणाल्या. "आज पण तीच घालायचीस ना."

व्याही पोटावर हात फिरवत म्हणाले, "मला काही झालं नाही हो. खरंच. उलट भूक लागते हल्ली." ते हे थोआसाठी म्हणाले होते, इतक्या मऊपणानं की त्यांनी शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

लोआनबाईंनी काड्या खाली ठेवल्या. बोलल्या तेव्हा शब्दांना इस्त्री नव्हती. "मी शेजारच्या दोन घरांत वाटली ती. आमच्या विहिणीच्या मळ्यातली म्हणून. मिरवत वाटली. त्यातल्या एका घरात नात आहे, दात यायचेत तिला अजून. पेजेतून घालतात."

थोआच्या हातातला डाव सुपात परत गेला.

पुण्यतिथीच्या जेवणातलं पाहुण्यांना घरी न्यायला बांधून द्यायचं असतं. थोआनं केळीच्या पानात चिकट भात ठेवला, कोंबडी ठेवली, दोन रोल ठेवले. सवयीनं हात जुडीकडे गेला आणि तिथंच थांबला. लोआनबाईंनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं, कारण पितरांचा प्रसाद नाकारत नाहीत. देव्हाऱ्याला नमस्कार केला. निघताना म्हणाल्या, "येते, दिएपच्या आई." ताई नाही.

लग्न मोडलं नाही. मुलांचं लग्न मुलांचं, असा निरोप आला, त्याच इस्त्रीच्या आवाजात. दिएप मात्र त्या आठवड्यात आईशी अडल्यापुरतंच बोलली. एकदा भांडी घासताना, पाठ वळवलेली असताना म्हणाली, "मी नेली ती, आई. माझ्या हातांनी. दर वेळी विचारून नेली." थोआ भांडं पुसत राहिली, कोरडं झालेलं.

आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारीण आली तेव्हा तळ्याकाठची भाजी नेहमीसारखी विकली गेली. ख्वातनं विचारलं होतं, "आता काय, उपटून टाकायची?" थोआ जुड्या बांधत राहिली होती. व्यापारिणीनं जुडी हातात घेऊन "हं" केलं. थोआ आत निघून गेली, आणि तिला वाटलं की आपल्या अंगालाच त्या औषधाचा वास येतोय. भिंतीवरचा आरसा तिनं कपड्यानं पुसला. आरसा स्वच्छच होता.

लग्नाच्या दिवशी नवरीची आई वरातीबरोबर सासरी जात नाही, अशी या भागातली रीत. बाकीच्या बायका त्या रीतीला रडून घेतात. थोआनं मनातल्या मनात त्या रीतीचे पाय धरले. पांढऱ्या बेसिनच्या घरात तिला आज पाऊल टाकायला लागणार नव्हतं.

लग्नानंतर नवं जोडपं माहेरी भेटायला येतं, तसे दिएप आणि तुंग आले. चहा झाला, केळी झाली, हीमबाईंनी तुंगला त्याच्या वजनावरून दोनदा टोमणे मारले. निघायची वेळ झाली तेव्हा दिएप म्हणाली, "सासूबाईंनी थोडी शेवंतीची भाजी मागितलीय." थोआ ताडकन उठली, सुरी शोधायला लागली. तिला वाटलं, मागितली म्हणजे... पण दिएपनं तिच्या हातातून सुरी काढून घेतली. "मीच काढते. त्या म्हणाल्या, तू स्वतः काढून आण."

दोघी घरामागे आल्या. दिएप नव्या कपड्यांत वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली आणि एकेक देठ कापू लागली. थोआ मदतीला खाली वाकली, तर लेक वर न बघता म्हणाली, "राहू दे, आई." थोआ टोपली धरून बांधावर उभी राहिली.

वाफ्याच्या एका कोपऱ्यात, कशी कोण जाणे, नागअळीला न सापडलेली काही पानं होती. अखंड, हिरवीगार. थोआला ती दिसली तेव्हा तिला क्षणभर आनंद झाला. दिएपच्याही हाताला लागली. तिनं एक तोडलं, उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं. भोक नव्हतं.

"यावर काही मारलं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही गं," थोआ म्हणाली. "इथं कधीच नाही मारत. खरंच."

दिएपनं मान हलवली. पान खाली टाकलं आणि त्याच्या शेजारचं भोकाचं तोडून टोपलीत ठेवलं.